माझ्या पाठीतलं पोक

माझी पाठ जन्मापासून सरळ होती, हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. आमच्या नात्यागोत्यात अजून चार म्हातारी माणसं शिल्लक आहेत. लग्नाकार्यात भेटली की ती म्हणतात, "कुसुम, लहानपणी तुला केवढं पोक होतं गं! अण्णांनी किती केलं तुझ्यासाठी!" अण्णांनी केलं हे खरं. पण पोक माझं नव्हतं. थोरल्या बहिणीचा जुना परकर धाकटीला घालायला लावतात, तसं ते मला घालायला लावलं होतं. आज सुलतान बाजारात माझं साड्यांचं दुकान आहे. ते मी एका पत्र्याच्या पेटीवर बसून सुरू केलं. सुरतेहून येणारे व्यापारी माझ्याशी भाव ठरवून उठतात तेव्हा आधी पाणी मागतात. मला कुणी फसवलं तर मी सहसा त्याच आठवड्यात वसूल करते. आयुष्यात एकच सौदा असा झाला की ज्यात मी पुरती फसले आणि वसुली झाली नाही. तो माझ्या आईशी झाला होता. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते भांडण मी अजून मिटवलेलं नाही.

आम्ही तेव्हा सुलतान बाजारामागच्या गल्लीत, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचो. सकाळी खालचं शटर वर सरकलं की त्या खडखडाटाने आमची भांडी हलायची. मग दुकानापुढे पाणी शिंपडल्याचा आवाज, आणि मग पहिलं गिऱ्हाईक. "बोहनी का टाइम है अम्मा, झूट नई बोलतूं," असं म्हणून दुकानदार खोटं बोलायला लागायचा, आणि बाया "नक्को जाव!" म्हणत चार पावलं जाऊन परत यायच्या. मी गॅलरीच्या कठड्याला टेकून ते सगळं ऐकायचे. माझं खरं शिक्षण तिथेच झालं. आत आई भाकऱ्या थापत असायची. अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडली की खालचे लोकसुद्धा मान वर करायचे. मला भूक फार. ज्वारीच्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि वर तेलाची धार, एवढ्यावर मी ताटावरून उठायचं नाव घेत नसे. "हिचं खाल्लेलं सगळं हाडात जाऊ लागलंय," असं आई म्हणायची. त्यात कौतुक नव्हतं, धास्ती होती.

धास्तीचं कारण अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुधा. गोरी, नाजूक, गोड गळ्याची, आणि उंचीने जेमतेम आईच्या खांद्याला लागेल एवढी. मी मात्र आठवीत जाईपर्यंत तिच्या डोक्यावरून पलीकडचं पाहायला लागले होते. अक्काला पाहायला पहिली मंडळी आली तेव्हा मी पाण्याचे पेले घेऊन गेले. मुलाच्या काकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मुलगी चांगली सुदृढ आहे." आई घाईने म्हणाली, "ही धाकटी." त्यावर काकांनी सगळ्या खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "मग थोरली कुठाय?" अक्का त्यांच्या समोरच पाटावर बसली होती. पुढे पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पत्रिका कशानं जुळली नाही, ते आईला बरोबर कळलं.

त्या दिवसापासून मला हुकूम सुटला. पाहुणे आले की वाकून राहायचं. खांदे पुढे, मान खाली, आणि शक्यतो खांबाच्या आड. पण पाहुण्यांपुरतं भागेना. हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई आईला कुणा ना कुणा लग्नाळू मुलाची मावशी वाटायची. त्यामुळे हळदीकुंकवाला वाकायचं, देवळात वाकायचं, भाजी घेताना वाकायचं, कारण भाजीवालीपाशी कोण भेटेल सांगता येत नाही. घरी असली म्हणजे आई पोळपाटावरून मान न उचलता नुसती म्हणायची, "कुसे!" की मी दुमडलीच. वर्षभरात अशी गत झाली की कुणी नसतानाही मी वाकलेलीच असायचे. मुलांच्या पाठीचं असंच असतं. ती कुणी मोडत नाही, रोज थोडी थोडी वळवतात, आणि मग एक दिवस मुलीलाच विचारतात की तू अशी कशी झालीस.

विचारलं आमच्या ड्रिलच्या सरोजिनी टीचरनी. शाळा नारायणगुड्याला होती, मुलींची, मराठी माध्यमाची. पण सरोजिनी टीचर तेलुगू, आणि रागावल्या की त्यांच्या मराठीचा हात सुटायचा. क्रीडादिनाच्या संचलनात सगळ्यांत पुढे झेंडा घेऊन चालायला त्यांना एक उंच मुलगी हवी होती. मैदानात ओळ लावून त्या एकेकीसमोरून जात होत्या. माझ्यापाशी येऊन थांबल्या. माझे दोन्ही खांदे धरून त्यांनी मागे खेचले, आणि मी त्यांच्यादेखत वर वर गेले. "अय्यो! अम्मायी, देवानं एवढी उंची दिली आणि तू ती घडी घालून ठेवली? निटारुगा निलबडु! ताठ, ताठ!" त्यांनी हात सोडले आणि मी पुन्हा खाली आले. मुली हसल्या. टीचर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "झेंडा तुझा. पण ताठ झालीस तर. नाही तर दुसरी बघते."

तो झेंडा मला किती हवा होता, हे आता सांगून कुणाला पटायचं नाही. घरीदारी सगळे मला लहान हो, लहान हो म्हणत होते. आणि इथे एक बाई म्हणत होती की आहेस तेवढी हो, म्हणजे तुला सगळ्यांच्या पुढे चालायला मिळेल. उंचीला भाव येणारं हे जगातलं एकच दुकान मला सापडलं होतं.

टीचरनी अण्णांना शाळेत बोलावून घेतलं. अण्णा शहरातल्या कोर्टात पेशकार होते. न्यायाधीशांपुढे फायली ठेवायच्या, पक्षकारांना पुकारायचं, तारखा द्यायच्या, हे त्यांचं काम, आणि घरीही त्यांचं बोलणं तेच. दूध उतू गेलं तरी "यात जबाबदार कोण?" असं विचारायचे. माझ्या पोकाला जबाबदार कोण, हे मात्र त्यांनी विचारलंच नाही. पाहुणे यायचे तेव्हा ते मुलाच्या वडिलांशी बोलण्यात गुंतलेले असत, मला मिळालेले हुकूम त्यांच्या कानावर कधी पडलेच नव्हते. त्यांनी सरळ उपचार सुरू केले. आधी नाचणीची आंबील. मग खारका दुधात उकळून. मग भिंतीला टाच, पाठ आणि डोकं लावून उभं राहायचं, आणि डोक्यावर कायद्याचं जाडजूड पुस्तक ठेवायचं. ते पुस्तक ज्या दिवशी आमटीच्या पातेल्यात पडलं, त्या दिवशी आईने त्या उपचाराला कायमची स्थगिती दिली. आई हे सगळं गप्प बसून बघत होती, आणि मीही गप्पच होते. आईचं नाव घेण्याची माझी छाती नव्हती.

आज माझ्या नातवासाठी सुनेने फोनवरून एक पट्टा मागवला आहे. खांद्यांवरून घालायचा, काळा, मऊ. मुलगा दिवसभर मोबाइलमध्ये मान घालून बसतो, दप्तर त्याच्या वजनाच्या निम्मं, आणि वर पंधरवड्याला एका डॉक्टरकडे व्यायामाला नेतात. डॉक्टर म्हणतो, पोश्चर. मी सुनेला म्हटलं, आधी त्याच्या हातातलं ते काढ, मग पाठीला बांध. ती म्हणाली, "आई, तुम्हाला यातलं नाही कळणार." मला यातलं नाही कळणार! माझ्या पाठीला अंडं लावलं होतं बाई.

अंडं लावलं ते नामपल्लीच्या पुढच्या एका गल्लीतल्या पहिलवानाने. हाडं बसवणारे असे पहिलवान आमच्या शहरात पूर्वी पुष्कळ. दारावर रंगवलेला दंड, आत एक तख्त, आणि तेलाचा असा वास की डोळ्यांत पाणी यावं. पहिलवानाने माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि जाहीर केलं, "साब, रीढ़ की हड्डी सो गई है. उठाना पड़ता." मग एका कटोरीत कसली तरी लाल पूड घेतली आणि वर टचकन अंडं फोडलं. अण्णा तख्तावरून उभेच राहिले. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढत नसे.

"हे... ये अंडा है?"

"फिकर नक्को करो साब, ताजा है."

तोवर ते माझ्या पाठीवर पोचलंही होतं. पहिलवान म्हणाला, असे सात जुमे यावं लागेल. मी पालथी पडल्या पडल्या म्हटलं, "तीन." तो म्हणाला, "बेटा, हड्डी का मामला है, पाँच." मी म्हटलं, "तीन. और अंडे की जगह आटा." पहिलवान पोट धरून हसला. तीनवर तुटलं, पण अंडं त्याने सोडलं नाही. घरी येताना अण्णांनी मला बजावलं की आईला युनानी औषध सांगायचं. ते वाळून पाठीवर पापडासारखं कडक झालं. आई तीन शुक्रवार घरभर वास घेत हिंडत होती, मोरी धुवत होती, आणि खालच्या दुकानदाराला दोष देत होती.

पहिलवानाने गुण आला नाही तेव्हा अण्णांनी प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं. कोर्टातल्या जुन्या फायलींचे दोन जाड पुठ्ठे आणले. दोन्ही पुठ्ठ्यांच्या मधे रेघा मारायची दोन फुटी लाकडी पट्टी घातली. ते सगळं माझ्या पाठीला, पोलक्याच्या आतून, फायलींच्या लाल फितीने आवळून बांधलं. गाठ मागे. ही गाठ अण्णांची स्वतःची होती. खटला चालू असताना भलत्याने फाईल उघडू नये म्हणून ते ती मारत, आणि त्यांच्याशिवाय ती कुणाला सुटत नसे. रोज सकाळी मला बांधायचे, रात्री सोडायचे. मी एका फायलीसारखी शाळेत जायचे आणि परत यायचे. बसले की उठता यायचं नाही, खाली पडलेलं पेन मैत्रिणीने उचलून द्यायचं. पण पाठ सरळ झाली! महिनाभरात पट्टी काढली तरी सरळ राहायला लागली, पण अण्णा बांधायचं काही सोडेनात. सरोजिनी टीचरनी माझ्या हातात झेंड्याची काठी दिली आणि मैदानाला एक फेरी मारायला लावली. ती फेरी संपूच नये असं मला वाटत होतं.

घरी येऊन मी हे सांगितलं, आणि आईने परातीत पीठ मळता मळता सांगून टाकलं, "झेंडाबिंडा काही नाही. सगळी मराठी मंडळी येतात त्या खेळांना. तू पुढे विजेच्या खांबासारखी चालणार, आणि माझ्या सुधाकडे कोण बघणार? आधी तिचं जमू दे."

मी त्या दिवशी जेवले नाही. आमच्या घरात मी न जेवणं ही मोठीच घटना होती. पण उपाशी राहून भाव उतरत नाही, हे खालच्या दुकानाने मला शिकवलं होतं. समोरच्याची गरज कशात आहे ते बघावं लागतं. आईची गरज लवकरच कळली. गुलबर्ग्याची मंडळी रविवारी अक्काला बघायला येणार होती. मुलगा मास्तर, घर चांगलं, आणि आईच्या मते हे शेवटचं चांगलं स्थळ. "कुसे," आई मला एकटीला गाठून म्हणाली, "रविवारी अण्णा स्टेशनवर गेले की तुझं ते पुठ्ठ्याचं काढते. जरा वाकून राहा, माझी बाई."

"वाकेन," मी म्हटलं. "पण मग झेंडा न्यायला जाऊ द्यायचं. मग अक्काचं जमो किंवा न जमो."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू पाटावरवंटा बोलला. "आईशी सौदा करतीस?"

"तू नाही का करत माझ्याशी?"

तिने चटणीवर चार घाव घातले. मग म्हणाली, "बरं. मी नाही अडवायची तुला." देवासमोर हात जोडून म्हणायला लावलं मी तिला. आयुष्यातला माझा पहिला मोठा सौदा, आणि मला वाटलं की पक्का झाला.

रविवारी सकाळी अण्णांनी नेहमीप्रमाणे मला बांधलं आणि पाहुण्यांना आणायला नामपल्ली स्टेशनवर गेले. आई लगेच माझ्या मागे आली आणि गाठीला भिडली. नखांनी, दातांनी, सांडशीने. ती ओढायची तसतशी गाठ आणखी आवळायची आणि माझा श्वास वर चढायचा. "काय माणूस आहे! मुलीला बांधलंय का खुनाच्या खटल्याला?" शेवटी ती कात्री आणायला धावली, आणि कात्री सापडली तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. जन्मात कधी वेळेवर न येणारी ती गाडी त्या दिवशी वेळेवर आली होती.

अक्का बैठकीत मान खाली घालून बसली. समोर मुलगा, मनोहर, आणि त्याची आई, सगळे ज्यांना काकू म्हणत होते त्या भारदस्त बाई. मी चुरमुऱ्यांचा फोडणीचा सुशीला ताटल्यांत घालून आत गेले. करार तो करार, वाकायचं तर होतंच. पण पाठ वाकेना, म्हणून मी कमरेतून वाकले, रेल्वेचं फाटक उतरतं तशी, अख्खी. पहिली ताटली पोचली. दुसरी काकूंच्या मांडीपर्यंत गेली आणि तिच्यातले शेंगदाणे त्यांच्या ओच्यात गेले. दारात आई डोळ्यांनी खुणावत होती, खांदे पाड, खांदे. मी सगळा जोर लावून खांदे पुढे घेतले.

कडाड्!

खालच्या दुकानातला भावतावसुद्धा थांबला. माझ्या पोलक्याच्या गळ्यातून, मानेच्या मागे, अर्धी लाकडी पट्टी वर आली.

सगळ्यांत आधी उठला तो मनोहर. "लागलं का गं?" अक्का त्या वेळपर्यंत जमिनीकडे बघत होती. ती एकदम उठली, पदर खोचला आणि माझ्या खांद्याला धरलं. "मोडलीय. वरून ओढावी लागेल."

"तुम्ही धरा, मी ओढतो."

"सरळ नका ओढू, तिला लाकडाचं कुसळ रुतेल. जरा तिरकी करा."

लग्न ठरण्याआधी त्या दोघांचं बोलणं एवढंच झालं, आणि ते माझ्या पाठीवर झालं. अक्का पुढे मला सांगायची की हो म्हणायचं तिने तेव्हाच ठरवलं होतं.

काकूंनी मात्र ओच्यातले शेंगदाणे वेचायचे सोडून आईला विचारलं, "ताई, मुलीच्या पाठीत काय आहे? घराण्यात आहे का कुणाला?"

अण्णा ताठ होऊन म्हणाले, "घराण्यात कुणालाही नाही. हिच्यावर उपचार चालू आहेत."

"म्हणजे आहे," काकू म्हणाल्या, आणि पायांत चपला शोधायला लागल्या.

आईचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. अक्काचं स्थळ जिना उतरू लागलं होतं. आई पुढे आली आणि एका दमात म्हणाली, "तिच्यात काही नाही हो. काठीसारखी सरळ आहे ती. मीच तिला वाकायला लावते. थोरली ठेंगणी दिसू नये म्हणून."

मग अण्णांचा आवाज आला, अगदी बारीक. "मग ते अंडं कशासाठी लावलं?"

"कसलं अंडं?" आई म्हणाली.

"कसलं अंडं?" काकूही म्हणाल्या.

अंड्याचा खुलासा व्हायला पुष्कळ वेळ लागला. त्यात पहिलवान आला, तीन शुक्रवार आले, आईने धुतलेली मोरी आली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझी फीत कात्रीने कापवली, मला भिंतीला उभी केली आणि वर बघितलं. हळूहळू त्यांचं पोट हलायला लागलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. "अहो ताई, मला थोरली हवीय. धाकटी उंच आहे तर असू द्या की. मांडवाला झालर लावायला शिडी नको!"

अक्काचं ठरलं. मीही खूश होते, कारण माझंही ठरलं होतं. मग गल्लीतले गुरुजी पंचांग घेऊन आले आणि त्यांनी साखरपुड्याला दिवस काढला तो नेमका क्रीडादिनाचा, सकाळचा. त्यानंतर म्हणे शुक्राचा अस्त, मग पुष्कळ दिवस मुहूर्तच नाही. मी आईसमोर जाऊन उभी राहिले, पूर्ण उंचीने. ती शांतपणे म्हणाली, "मी अडवलं का तुला? मी म्हटलं होतं नाही अडवायची, नाही अडवत. सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशी जायचं तर जा झेंडा घेऊन. आणि दिवसाचं म्हणशील तर शुक्राला विचार."

शुक्राला नाही, गुरुजींना विचारलं मी. त्यांच्या ओटीवर बसून भाजीवालीशी करावी तशी घासाघीस केली. संध्याकाळ करा म्हटलं, तर राहूकाळ. दुपार म्हटलं, तर आणखी काही. बऱ्याच वेळाने ते अर्धा तास सरकले. खेळ नामपल्लीच्या मैदानावर होते, आणि अर्ध्या तासात तिथे झेंडा नेऊन परत येता येत नाही. झेंडा दहावीतल्या एका मुलीने नेला. सरोजिनी टीचरनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांदा मागे खेचायची गरज पडली नाही. तेव्हापासून मी कुठलाही सौदा करताना समोरचा काय देतो ते ऐकत नाही. काय कबूल करत नाही, तेवढंच ऐकते.

साखरपुड्याला फोटोवाला आला होता, तिपाईवरचा मोठा कॅमेरा घेऊन. त्याने खुर्च्या मांडल्या, मोठ्यांना बसवलं, बाकीच्यांना मागे उभं केलं, काळ्या कापडात डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "पीछे लंबी बच्ची, जरा झुको. सर कट जाता."

पुढच्या खुर्चीतून आईने मान वळवली. तिचं तोंड उघडलं होतं. मला वाटतं, "कुसे" एवढंच यायचं बाकी होतं.

"कटने देव," मी फोटोवाल्याला म्हटलं.

फोटो आला तेव्हा त्यात अक्का होती, दाजी होते, अण्णा, आई, गुलबर्ग्याच्या काकू, आणि सगळ्यांच्या मागे गळ्यापासून खाली मी. आईने तो बराच वेळ हातात धरला, पदराने पुसला आणि भिंतीवर खिळा ठोकून लावला. मग जरा लांब जाऊन पाहिलं.

"खांदे चांगले सरळ आलेत," ती म्हणाली, आणि भाकऱ्या थापायला आत गेली.